भाकरीचा हिशेब : प्रस्तावना

साखरा हे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं गाव. इथं काय किंवा पंचक्रोशीतल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, मधुमेहाच्या माणसाशी बोलायला बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : "गोड तर कधीचंच बंद केलंय, तरी शुगर काही हटंना." बोलणारा खोटं बोलत नसतो. त्यानं चहातली साखर सोडलेली असते, लग्नाच्या पंगतीत बुंदी पानात पडू दिलेली नसते, दिवाळीचे लाडू नातवंडांच्या हातावर ठेवलेले असतात. सकाळच्या दोन भाकरी, दुपारचा भात आणि रात्रीच्या पुन्हा दोन भाकरी यांचीही पोटात गेल्यावर साखरच होते, हे मात्र त्याला कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं. आणि सांगितलं असलं, तरी किती भाकरीची किती साखर होते हा आकडा त्याच्या हातात कुणी दिलेला नसतो.

तो आकडा द्यावा, त्याच्याच ताटावरून द्यावा आणि त्याच्या घरी पीठ मळणाऱ्या माणसाला समजेल अशा मापात द्यावा, यासाठी हे पुस्तक आहे. कर्बोदकं आणि चोथा मोजणं हा विषय आपल्याकडे आजवर शहरातल्या आहारतज्ज्ञांच्या खोलीत आणि इन्शुलिन घेणाऱ्या मोजक्या कुटुंबांत राहिला. ज्याच्या जेवणात धान्याचाच वाटा सर्वात मोठा, त्या शेतकरी-शेतमजूर घरापर्यंत तो पोचलाच नाही. खरं तर त्याची सगळ्यात जास्त गरज तिथंच आहे.

आधी मूळ गोष्ट स्पष्ट करून घेऊ. धान्यातलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. तोंडातली लाळ आणि लहान आतड्यातले पाचकरस त्या तोडतात आणि सुटा झालेला ग्लुकोज रक्तात उतरतो. त्याला पेशींत पोचवण्याचं काम इन्शुलिनचं. ते कमी पडलं, किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, की ग्लुकोज रक्तातच साचून राहतो. चोथाही वनस्पतीतूनच येतो, पण आपले पाचकरस त्याला तोडू शकत नाहीत. त्यातला काही भाग पाण्यात फुगून बुळबुळीत होतो आणि पिष्टाचं पचन लांबवतो. इसबगोल भिजवला की जे दिसतं ते हेच. बाकीचा भाग पोट साफ ठेवतो आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न होतो. म्हणून ताटाकडे पाहताना दोन प्रश्न एकदमच विचारायला हवेत : यातून साखर किती होणार, आणि ती किती वेगानं रक्तात उतरणार? पहिल्याचं उत्तर मुख्यतः कर्बोदकांच्या मोजणीत असतं. दुसऱ्याचं बरंचसं चोथ्यात सापडतं. डाळीतली प्रथिनं, तेल-तूप, दळण किती बारीक आहे आणि शिजवण्याची रीत काय आहे, यांचाही त्यात हात असतो.

आता प्रत्यक्ष ताट घेऊ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं आणि १० ग्रॅम चोथा असतो. गव्हाच्या कणकेत ६४ ग्रॅम कर्बोदकं आणि ११ ग्रॅम चोथा. म्हणजे ज्वारीची भाकर आणि न चाळलेल्या कणकेची पोळी यांच्यात पिठाच्या वजनाला वजन लावलं, तर फारसा फरक उरत नाही. "शुगर आहे, भाकर खा" हा सल्ला गावोगाव दिला जातो. मैद्याच्या पदार्थांऐवजी किंवा भाताच्या ढिगाऐवजी भाकर, असा त्याचा अर्थ घेतला तर तो चांगलाच सल्ला आहे. पण त्यातून "भाकर कितीही खा" असा अर्थ काढला, तर तो घात करतो.

भाकरीला वजन लावायचं ते कोरड्या पिठाला. थापलेल्या भाकरीत पाणी किती राहिलं, ती तव्यावर आणि निखाऱ्यावर किती सुकली, यावर तिचं वजन बदलतं; पिठातली कर्बोदकं मात्र तेवढीच राहतात. परातीत पीठ घेताना कुणी तराजू लावत नाही, हाताचा अंदाज चालतो. तो अंदाज पक्का असतो, म्हणून तर एका घरातल्या भाकरी एकमेकींसारख्या उतरतात. तेव्हा एकदाच, एका भाकरीला लागतं तेवढं पीठ काट्यावर ठेवून पाहायचं. आपल्याकडची दणकट भाकर ८० ग्रॅम पिठाची सहज निघते. तिच्यात ५४ ग्रॅम कर्बोदकं आली आणि ८ ग्रॅम चोथा. तशा दोन भाकरी आणि ४० ग्रॅम डाळीच्या पिठाचं पिठलं धरलं, तर एका जेवणात सव्वाशेच्या पुढं कर्बोदकं जातात. आता त्याच जेवणात एक भाकर कमी करू, पिठलं तेवढंच ठेवू आणि शेजारी मेथीची भरपूर भाजी घेऊ. कर्बोदकं ७५ ग्रॅमवर येतात. एवढी मोठी भाकर ताटातून गेली तरी चोथा २० ग्रॅमच्या आसपास टिकतो, कारण भाजी आणि डाळ ती तूट बऱ्याच अंशी भरून काढतात. पोटही रिकामं वाटत नाही.

याच्या शेजारी रेशनच्या तांदळाचं ताट ठेवून पाहा. १०० ग्रॅम तांदळाचा भात आणि वर पातळ वरण. कर्बोदकं ८५ ग्रॅमच्या घरात आणि चोथा जेमतेम ४ ग्रॅम. आणि दिवसभरातल्या चहाचं काय? दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे १० ग्रॅम कर्बोदकं. शेतात, पारावर, पाहुण्यांकडे मिळून चार कप झाले, तर ४० ग्रॅम कर्बोदकं आणि चोथा शून्य. गुळाचा चहा केला म्हणून हिशेब फारसा बदलत नाही. १०० ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम कर्बोदकंच असतात.

हा विचार आला कुठून, तेही जाणून घेण्यासारखं आहे. गोड लघवीचा आजार चरक-सुश्रुतांना माहीत होता आणि त्यांनी खाणं व श्रम यांच्याशी त्याचा संबंध जोडला होता. युरोपात एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वैद्य आपोलिनेर बूशार्दा यांनी रुग्णांचं पिष्ट आणि साखर कमी केली. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, शहरात अन्नाची टंचाई झाली आणि काही रुग्णांच्या लघवीतली साखर उतरली, हे त्यांनी नोंदवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी उपासमारीचा आहार आणला. पिष्ट उरू नये म्हणून भाज्या तीन-तीनदा उकळून पाणी फेकून द्यायचे. मुलं हाडांचे सापळे होईपर्यंत जगवली जात, कारण दुसरा उपाय हाती नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं आणि त्या काळावर पडदा पडला.

इन्शुलिन आल्यावर प्रश्न बदलला. जेवढं खाल्लं त्याला इन्शुलिन किती, याचं उत्तर शोधायचं तर खाल्लेलं मोजणं आलं. जर्मनीत १२ ग्रॅम कर्बोदकांचा एक 'पाव-घटक' धरण्याची रीत रुजली. अमेरिकेत १९५० मध्ये अदलाबदलीच्या याद्या तयार झाल्या : पावाच्या एका तुकड्याऐवजी अमुक इतका भात, एका फळाऐवजी तमुक फळ. आपल्याकडच्या दवाखान्यांत मिळणारा छापील डाएट चार्ट याच घराण्यातला. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप-१ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. साखर काटेकोर आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांचं नुकसान खूपच कमी होतं, हे त्यातून सिद्ध झालं. त्या अभ्यासात जेवणाच्या आखणीच्या ज्या पद्धती वापरल्या गेल्या, त्यांत कर्बोदकांची मोजणी होती. पुढे ड्युसेलडॉर्फमधल्या शिकवणीच्या धर्तीवर ब्रिटनमध्ये 'डॅफ्ने' हा अभ्यासक्रम उभा राहिला आणि २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णालाच मोजायला शिकवलं, तर तो हवं ते जेवून इन्शुलिनचा डोस स्वतः बसवू शकतो आणि साखरही सुधारते, असं दिसून आलं. मोजणीनं पथ्याची बेडी सैल केली, हा या साऱ्या प्रवासाचा मोठा धडा आहे.

चोथ्याची वाट निराळी. आफ्रिकेत काम केलेले डेनिस बर्किट आणि ह्यू ट्रॉवेल हे डॉक्टर १९७० च्या दशकात सांगू लागले की चोथ्यानं भरलेलं अन्न खाणाऱ्या खेड्यांत पाश्चात्त्यांचे कितीतरी आजार दिसत नाहीत. त्याच दशकात डेव्हिड जेंकिन्स यांनी जेवणात ग्वार गम मिसळून पाहिला आणि जेवणानंतरची साखर कमी चढते हे दाखवलं. हा डिंक आपल्या गवारीच्या बियांतून निघतो. १९८१ मध्ये जेंकिन्स यांनीच टोरोंटोत ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना मांडली : कर्बोदकं तेवढीच असली तरी एका पदार्थानं साखर झपाट्यानं चढते, दुसऱ्यानं सावकाश. पुढे हार्वर्डच्या संशोधकांनी त्याला प्रमाणाची जोड दिली. वेग आणि प्रमाण यांचा गुणाकार करणारा ग्लायसेमिक लोड असा आला. अमेरिकेत जेम्स अँडरसन यांनी आणि मद्रासला डॉ. एम. विश्वनाथन यांनी भरपूर चोथ्याचा, कर्बोदकंही भरपूर असलेला आहार रुग्णांना देऊन पाहिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीच्या दाण्यांवर प्रयोग झाले. दुसऱ्या टोकाला कर्बोदकंच फार कमी करा म्हणणारा पंथ जोर धरत गेला. आज या साऱ्या विचारधारा एकमेकींसमोर उभ्या आहेत आणि वाचकाला प्रश्न पडतो की खरं कोणाचं.

महाराष्ट्रात हा वाद अनेक घरांत जेवणाच्या ताटावरच झाला. मुंबईत डॉ. एस. एस. आजगांवकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन करून रुग्णशिक्षणाचा पाया घातला. डॉ. श्रीकांत जिचकर यांच्या व्याख्यानातला विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याचा मंत्र लातूरहून राज्यभर पोचवला. ऋजुता दिवेकर यांनी आजीच्या स्वयंपाकघरातलं, आपल्या मातीतलं, ऋतूप्रमाणे खा, असा आग्रह धरला. घराघरांत दोन तट पडले. माझ्या मते या दोन्ही बाजूंच्या हाती मोजमापाचं एकच साधन द्यायला हवं. दोनदा जेवणारा माणूस एका बैठकीत तीन भाकरी आणि भात खात असेल, तर त्याची साखर किती चढते ते ग्लुकोमीटर सांगेल. आजीच्या पद्धतीनं केलेली पुरणपोळीही काट्यावर ठेवता येते : ३० ग्रॅम हरभरा डाळ, ३० ग्रॅम गूळ आणि ३० ग्रॅम कणीक धरली, तर एका पोळीत कर्बोदकं ६० ग्रॅमच्या आसपास जातात. कोणता पंथ पत्करायचा ते ज्यानं-त्यानं ठरवावं. हिशेब आला, की त्या पंथाचा आपल्या शरीराला फायदा होतो का, हे पाहता येतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातलं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम या भागातल्या वाचकानं मुद्दाम समजून घ्यावं असं आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि पुढे त्यांची मुलं यांचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आपली बाळं जन्मतः वजनानं हलकी असतात, पण त्यांच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त असते, हे त्यातून पुढे आलं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या वेळी जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांच्या शरीराची मोठेपणी ग्लुकोज हाताळण्याची ताकद कमी आढळली. मराठवाड्यानं १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. मिलो ज्वारीची भाकर खाऊन, खडी फोडून ज्यांनी ते दिवस काढले, त्यांची त्या वेळची लेकरं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. ज्या घरानं भूक पाहिली, तिथं पोटभर भाकर हा मानाचा विषय असतो. "भाकर कमी करा" हे डॉक्टरचं वाक्य तिथं टोचतं, आणि ते का टोचतं हे सांगणाऱ्यानं ओळखायला हवं. म्हणून या पुस्तकात कमी करण्याच्या आधी भर घालण्याचं बोललं आहे : वाटीभर घट्ट वरण, मूठभर घुगऱ्या, ताटाचा मोठा कोपरा व्यापणारी भाजी. भाकर त्यानंतर आपोआप मापात येते.

हे सगळं आजच का, याचंही उत्तर द्यायला हवं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीचा आहाराविषयीचा भाग २०२५ मध्ये आला. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, असं त्यात दिसलं. नुसतं मैदा-तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणल्यानं धोका कमी झालेला आढळला नाही. एकूण कर्बोदकं कमी करून त्या जागी डाळी, दूधदुभतं अशी प्रथिनं आणली, तिथं तो कमी दिसला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, त्यानं ज्वारी-बाजरीला पुन्हा मान मिळवून दिला आणि ते चांगलंच झालं. पण तो मान मोजमापासकट घरात यायला हवा.

हिंगोलीच्या शिवाराचंच पाहा. खरिपाची ज्वारी मागं पडली आणि सोयाबीन आलं. सोयाबीनचं पोतं मोंढ्यावर जातं, घरातल्या कणगीत पडत नाही. घरच्या ज्वारीची जागा स्वस्त धान्य दुकानातल्या गहू-तांदळानं घेतली. भुकेच्या बाबतीत या धान्यानं मोठा आधार दिला, हे निर्विवाद आहे. पण त्याबरोबर भात रोजचा झाला. तूर शेतात पिकते, तरी घरात वरण पातळ होत जातं, कारण तूर विकून पैसा उभा करावा लागतो. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, शेतापर्यंतची पायपीट मोटारसायकलनं संपवली. ताटातलं धान्य होतं तेवढंच राहिलं, किंबहुना त्याचा चोथा घटला, आणि ते जिरवणारे कष्ट कमी झाले. आता आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात, आरोग्य केंद्रात बोटातून रक्त काढून साखर पाहिली जाते, गोळ्याही मोफत मिळतात. निदान गावापर्यंत पोचलं आहे. त्याच्या पाठोपाठ जेवणाचं शिक्षण पोचलं नाही, तर गोळ्यांची संख्या वाढत राहील आणि साखर तिथंच राहील.

चोथ्याच्या बाबतीत मात्र आपला भाग श्रीमंत आहे, हे मी आनंदानं सांगतो. पावसाळ्यात बांधावर तरोटा, कुरडू आणि घोळ उगवते. अंबाडीची भाजी घरोघर होते. गवार, शेवगा, वाल आहेत. जवसाची आणि कारळाची चटणी भाकरीसोबत पूर्वीपासून आहे. सालीसकट हरभऱ्यात १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम चोथा असतो. त्याचीच डाळ केली की तो १५ ग्रॅमवर उतरतो. दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा प्रौढ माणसाच्या पोटात जावा, असं जागतिक आरोग्य संघटना २०२३ पासून सांगते आहे. भाकर, वरण, उसळ आणि दोन्ही वेळा भाजी असं जेवण असेल, तर आपल्याकडे तो आकडा सहज गाठता येतो. तो हुकतो कुठं? कणीक बारीक चाळणीनं चाळून कोंडा जनावरांना घातला जातो तिथं, भाजी कोरड्यास म्हणून चमचाभरच घेतली जाते तिथं, आणि न्याहारीला चहा-बिस्किट येतं तिथं. चोथा वाढवायचा तो हळूहळू आणि पाणी भरपूर पिऊन, नाहीतर पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी सोडून देतो. ज्यांचं पोट आजारामुळं मंदावलं आहे किंवा आतड्याचं ऑपरेशन झालं आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

मोजणी करणाऱ्यांची एका ठिकाणी नेहमी गफलत होते, म्हणून ती इथंच सांगून ठेवतो. एकूण कर्बोदकांतून चोथा वजा करा, असा सल्ला इंटरनेटवर आणि परदेशी पुस्तकांत वाचायला मिळतो. अमेरिकेतल्या वेष्टनांवर कर्बोदकांच्या आकड्यात चोथा धरलेला असतो, म्हणून तिथं तो वजा करण्याला अर्थ आहे. युरोपातल्या वेष्टनांवर तो आधीच वगळलेला असतो. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतही कर्बोदकांचा आकडा चोथा वगळूनच दिला आहे. ज्वारीच्या ६८ मधून पुन्हा १० वजा केले तर हिशेब चुकतो, आणि इन्शुलिन घेणाऱ्याला ती चूक महागात पडते. या पुस्तकातले धान्य-डाळींचे आकडे याच तक्त्यांच्या आधारानं दिले आहेत. त्यांतून काहीही वजा करायचं नाही.

पुस्तकाची मांडणी स्वयंपाकघराच्या बाजूनं केली आहे. मापं भाकरीची, वाटीची, पळीची आणि मुठीची आहेत. प्रत्येक मापाचं कोरडं वजन दिलं आहे, म्हणजे आपली वाटी लहान-मोठी असली तर वाचकाला दुरुस्ती करता येईल. रोजच्या जेवणाइतकंच लक्ष सणावारांकडे दिलं आहे, कारण पथ्य मोडतं ते तिथंच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी केली, तर ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातून चाळीसच्या वर कर्बोदकं पोटात जातात आणि चोथा नावाला असतो. नरसीला नामदेवांच्या दर्शनाला जाणाऱ्या माणसाला उपास सोडा म्हणणं हा उपाय नव्हे. मोजून घेतलेली भगर आणि शेंगदाण्याची आमटी, हा उपाय त्याच्या श्रद्धेला धक्का न लावता करता येतो. महालक्ष्म्यांचं पुरण, सप्ताहाची पंगत, माघातला हुरडा या सगळ्यांसाठी असाच विचार केला आहे.

सगळ्यांनी सारखंच मोजायचं नसतं, हेही ध्यानात ठेवावं. गोळ्यांवर असलेल्या माणसाला प्रत्येक जेवणात साधारण सारखी कर्बोदकं ठेवणं पुरतं. रोज काट्याशी झटापट करायची गरज नाही. जेवणाआधी इन्शुलिन घेणाऱ्याला, विशेषतः टाइप-१ असलेल्या लेकराच्या आईला, नेमका आकडा लागतो, कारण किती ग्रॅमला किती युनिट हे प्रमाण त्यावर बसतं. ते प्रमाण प्रत्येक शरीराचं निराळं असतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवून द्यायचं असतं. गरोदर स्त्रीनं कर्बोदकं स्वतःच्या मनानं फार कमी करू नयेत. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यानं डाळी वाढवण्याआधी विचारावं. आणि इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कुणी एकदम निम्मी भाकर सोडली, तर साखर धोक्याच्या खाली घसरू शकते. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी असं झालं की आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. म्हणून जेवणातला बदल आणि औषधातला बदल हातात हात घालून व्हायला हवेत.

माझी एक मागणी पुस्तकाबाहेरची आहे. प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात रक्तदाबाच्या यंत्राशेजारी एक स्वयंपाकघरातला काटा असावा. महिन्यातून एकदा गावातल्या बायकांनी आपापल्या घरचं पीठ आणून एका भाकरीचं वजन करून पाहावं, आशाताईंनी ते रुग्णाच्या कार्डावर लिहून ठेवावं. याला फारसा खर्च नाही. डॉक्टरांना मात्र त्यातून कळेल की समोरचा माणूस "दोन भाकरी खातो" म्हणतो तेव्हा तो शंभर ग्रॅम पीठ खातो की दोनशे. आजच्या घडीला हे न कळताच औषध लिहिलं जातं.

पुस्तक हाती घेतलेल्या वाचकानं पहिल्या आठवड्यात जेवणात काहीही बदलू नये. रोज जसं जेवतो तसंच जेवावं, फक्त पीठ, तांदूळ आणि डाळ मोजून वहीत लिहावी. जमलं तर दोन-तीन जेवणांच्या आधी आणि दोन तासांनी साखर पाहून तीही शेजारी लिहावी. आठवड्याच्या शेवटी ती वही घरात सगळ्यांनी मिळून वाचावी, पीठ मळणाऱ्या बाईनं आणि जेवणाऱ्यानं दोघांनीही. कुठल्या जेवणानंतर साखर चढली आणि कुठल्या जेवणानंतर ताब्यात राहिली, हे त्यात लिहिलेलं सापडेल. मग पुस्तकातलं पुढचं पान उघडावं, आणि ती वही बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जावं.

साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली